राहिलेली चार पानं

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, बाइंडर होते. त्यांच्याबद्दल कुणालाही विचारा, दोन गोष्टी हमखास सांगेल. एक, त्यांनी बांधलेलं पुस्तक फाटेल पण सुटायचं नाही. दुसरी, त्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला खिळा उपसण्याचं काम. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा पहिले तीन महिने मला वाटायचं, ह्यांचा माझ्यावर कसला तरी राग आहे. मग कळलं, राग वगैरे काही नाही, माणूसच तसा. सासूबाई गेल्या त्या दिवशी माती देऊन आम्ही घरी आलो, नातेवाईक बसले होते, आणि मामंजी मला एवढंच म्हणाले की उद्यापासून चहा एक कप कमी टाक. मग दुकानात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. संध्याकाळी मी बघते तर एका बैठकीत चाळीस वह्या शिवून ठेवलेल्या.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे एक खिडकी, तिच्याखाली लांबलचक टेबल, टेबलावर वर्षानुवर्षांच्या सुऱ्यांचे ओरखडे. कोपऱ्यात कागद कापायचं मशीन, शेजारी पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा आणि स्टोव्हवर खळीचं भांडं. माझे हे विजेच्या कामांवर जायचे. कागद बघितला की त्यांना झोप यायची. मी मात्र दोन वर्षांत घड्या घालायला, शिवायला, खळ शिजवायला शिकले. मामंजी शिकवत नसत. चुकलं की हातातून काढून घ्यायचे आणि माझ्यादेखत उसवायचे. ते इतकं झोंबायचं की तीच चूक पुन्हा करायची छाती होत नसे. बोलायचं काम मी दोघांच्या वाटचं करायचे, त्यामुळे दुकानात शांतता अशी कधी नव्हतीच.

एक आधीच सांगून ठेवते. छापखान्यातून पुस्तक येतं ते पुस्तक म्हणून येत नाही. एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात. त्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा जुडगा होतो, त्याला आम्ही फॉर्मा म्हणतो. फॉर्मे ओळीनं एकावर एक लावायचे, पाठीतून शिवायचे, पाठीला खळ लावून तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवायची, मग पुठ्ठा. ती पट्टी नंतर कुणाला दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी चांगला कागद कुणी फुकट घालवत नाही. छापखान्यातून बिघडलेले, शाई फासलेले कागद येतात, त्यांच्याच पट्ट्या कापायच्या.

तर आम्ही ख्रिस्ती. मामंजी रविवार चुकवत नसत, पण बसायचे अगदी मागच्या बाकावर, खांबाच्या आड. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाळकसाहेब लोकांना साक्ष द्यायला उभं करायचे, की या महिन्यात तुम्ही प्रभूबद्दल कुणाला सांगितलं. कुणी दवाखान्यातल्या नर्सला सांगितलेलं असायचं, कुणी भाडेकरूला. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका तर दर महिन्याला बसमधल्या एका नव्या माणसाला गाठायचे, आणि मला त्या माणसाचीच दया यायची. एकदा पाळकसाहेबांनी नेमकं मामंजींना हेरलं. म्हणाले, तुम्ही इतकी वर्षं येता, कधी परक्या माणसाला दोन शब्द सांगितलेत का? मामंजी उठले. "मी बांधतो," म्हणाले, "सांगायचं ते पुस्तक सांगेल." आणि बसले. सगळं चर्च हसलं. मी पाणी पाणी झाले. घरी येईपर्यंत मी त्यांना बोल लावत होते आणि ते फुटपाथवरच्या फरश्या बघत चालले होते.

त्यानंतरच्याच वर्षी मिशनच्या ऑफिसातून ते काम आलं. शहरापासून बसने पाच तासांवर दगडाच्या खाणी आहेत. तिथले कामगार फार लांबून येऊन वस्ती करून राहिलेले, त्यांची भाषा वेगळी, लिपी वेगळी, देव वेगळे, बसणं-उठणंही वेगळं. मिशनच्या एक बाई त्यांच्यात वीस वर्षं राहिल्या होत्या. येशूच्या आयुष्याची सगळी हकिकत, म्हणजे शुभवर्तमान, त्यांनी त्या लोकांच्या भाषेत हातानं लिहून काढली. तोवर वस्तीत औषधपाणीच करायचं, गोष्ट छापून आली की मगच ऐकवायची, असं म्हणता म्हणता बाई वारल्या. मग ऑफिसला जाग आली आणि ते हस्तलिखित छापायला गेलं. अडीचशे प्रती करायच्या होत्या. छापखान्यात ते अक्षर कुणाला वाचता येत नव्हतं आणि आमच्याकडे तर नाहीच नाही. जुळाऱ्यांनी अक्षरं चित्रं काढल्यासारखी जुळवली, आम्ही फॉर्म्यांवर पेन्सिलीनं नंबर टाकून घेतले. अकरा फॉर्मे होते. मामंजींनी इतक्या निगुतीनं ते काम केलं की मी म्हटलं, स्वतःच्या मुलाच्या लग्नातसुद्धा तुम्ही एवढं लक्ष दिलं नव्हतं.

आणि तिथेच आम्ही माती खाल्ली. कामाच्या कागदावर पानं एकशे ऐंशी लिहिली होती. अकरा फॉर्म्यांची होतात एकशे शहात्तर. उरलेली चार पानं वेगळी छापून, त्यांचा लहानसा गठ्ठा करून छापखान्यानं पाठवला होता, पण तो बांधला होता बिघडलेल्या कागदांबरोबर एकाच सुतळीत, आणि वरच्या दोन-तीन कागदांवर शाईचे ठसे उमटलेले. कुणीही ते पट्टीचेच कागद समजलं असतं. आता तुम्ही म्हणाल, पानं मोजायची होती. बाइंडर पानं मोजत नाही हो, फॉर्मे मोजतो. फॉर्मे अकरा, कागदावर अकरा, झालं. अकराव्या फॉर्म्याचं शेवटचं पान तळापर्यंत भरलेलं होतं, वाक्यही पुरं झालेलं दिसत होतं. मी त्या गठ्ठ्यातल्या कागदांच्या पट्ट्या कापल्या, खळ लावली आणि अडीचशे पुस्तकांच्या पाठीत चिकटवल्या. उरलेले कागद पुढच्या महिन्यांत शाळांच्या हजेरीपटांना वापरले. ऑफिसातल्या साहेबांनी एक प्रत उघडली, पहिलं पान बघितलं, कामाची तारीफ केली आणि गठ्ठे खाणीवर रवाना झाले.

आठ महिन्यांनी एक पत्र आलं. ऑफिसनं ते आमच्याकडे पाठवलं होतं, वर लाल पेन्सिलीनं लिहिलेलं, बाइंडिंगची तक्रार. खाणीवरच्या वस्तीत एक मास्तर होते, त्यांच्यातलेच, शहरात शिकलेले, आमची भाषाही उत्तम लिहिणारे. त्यांनी सरळ लिहिलं होतं की मी ख्रिस्ती नाही. पण आमच्या भाषेत छापलेलं हे पहिलंच पुस्तक, म्हणून रोज कामाची शिट्टी झाली की शाळेच्या ओट्यावर बसून मी ते वाचून दाखवतो. आतापर्यंत तीनदा वाचून झालं. शेवटी त्या माणसाला कबरेत ठेवतात, तोंडाशी मोठा दगड लावतात, आणि पुस्तक संपतं.

वस्तीत त्यावरून दोन तट पडले होते. सगळे दगडावरचे कारागीर, त्यामुळे आधी वाद दगडाचाच झाला, की गोल होता की चौकोनी, उतारावरून ढकलला असेल की पहारी लावून बसवला असेल, किती माणसं लागली असतील. मग एक तट म्हणू लागला, माणूस मेला, दगड बसवला, आता पुढे काय असणार? दुसरा म्हणू लागला, सुरुवातीला लिहिलंय ही चांगली बातमी आहे, मग चांगली बातमी कुठे आहे ह्यात? खाणीवरचे जुने मुकादम होते, दगडाच्या धुळीनं छाती गेलेले, त्यांना खाटेसकट ओट्यावर आणून ठेवायचे. ते रोज एकच विचारायचे, मास्तर, पुस्तक एवढंच आहे का? मास्तरांनी लिहिलं होतं, शहरात असताना मी उडत उडत ऐकलं होतं की तुमच्यात पुढे काही सांगतात. पण जे छापलेलं नाही ते मी वाचून दाखवणार नाही. मुकादम फार दिवस काढतील असं दिसत नाही. तरी पुस्तक एवढंच आहे का, ते कळवावं.

मामंजींनी पत्र दोनदा वाचलं. मग फळीवरची नमुन्याची प्रत काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा पानं मोजली. एकशे शहात्तर. सुरी घेतली, पुठ्ठा सोडवला, पाठीवरची पट्टी पाण्यानं भिजवून अलगद काढली आणि खिडकीशी धरली. पट्टीवर तीच लिपी, तोच टाइप. राहिलं होतं ते साधंसुधं राहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशीची हकिकत राहिली होती, की बायका कबरेपाशी गेल्या तर दगड बाजूला झालेला, कबर रिकामी, आणि तो उठलेला. जिच्यासाठी आम्ही दर रविवारी धुतलेले कपडे घालून जातो ती सगळी गोष्ट मी स्वतःच्या हातानं खळीत बुडवून पुस्तकाच्या पाठीत दाबली होती, आणि वर शाळांच्या हजेरीपटांतही.

माळ्यावर शोधलं तर त्या गठ्ठ्यातले नऊ कागद निघाले, धड, न कापलेले, एकेकावर ती चारही पानं. मी म्हटलं, मामंजी, आज दुपारची बस आहे, हे नऊ घ्या आणि निघा. म्हातारा माणूस वाट बघतोय. मामंजी नाही म्हणाले. अडीचशे पुस्तकं चुकली, अडीचशे दुरुस्त करायची. नऊ कागद घेऊन कुठल्या तोंडानं जायचं? मी म्हटलं, तुमचं तोंड राहू द्या बाजूला, त्यांचे कान बघा. ते ऐकेनात. कारागिराचा ताठा, दुसरं काय. निदान पत्रात तरी लिहून पाठवा म्हटलं, की पुढे काय झालं ते. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर तयार होतं, मी सांगणारा कोण, पुस्तक सांगेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी त्यांनी एक कार्ड लिहिलं आणि मीच ते पेटीत टाकलं, म्हणून त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. पुस्तक एवढंच नाही. पुढे चार पानं आहेत. चूक माझी. घेऊन येतो. बस, एवढंच.

मग जे व्हायचं ते झालं. ऑफिसातले साहेब म्हणाले, दुसरी आवृत्ती काढूच, तेव्हा नीट करू, कमिटीसमोर ठेवतो. मामंजी रोज सकाळी जाऊन त्यांच्या दारासमोरच्या बाकावर बसायचे. बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. अकराव्या दिवशी साहेबांनीच हात टेकले आणि छापा म्हणाले. पुढे छापखान्याचं मशीन दुसऱ्या कामात अडकलेलं, मग त्या जातीचा कागद मिळेना. होता होता साडेतीन आठवडे गेले. कागद हातात आले त्या दुपारी आम्ही दोघं बसमध्ये बसलो. त्यांना एकट्याला पाठवायची सोय नव्हती. ते कंडक्टरशीसुद्धा बोलले नसते.

खाणीच्या फाट्यावर उतरलो तर झाडांची पानंसुद्धा पांढरी, इतकी धूळ. लांब कुठेतरी दगड फोडायचं मशीन धडधडत होतं. मी तार केली होती म्हणून मास्तर घ्यायला आले होते, बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, पायांत मात्र धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. त्यांनी आमचं गाठोडं घेतलं आणि चालता चालताच सांगितलं की मुकादम नऊ दिवसांपूर्वी गेले.

मामंजी रस्त्यातच थांबले. माझ्या मनात सगळं मांडून झालं होतं, की नऊ कागद घेऊन त्या दिवशी निघालो असतो तर ते जायच्या दोन आठवडे आधी पोचलो असतो. बरं, ते मी बोलायची गरज नव्हती. मामंजींच्या चेहऱ्यावर तोच हिशेब लिहिलेला दिसत होता. त्यांनी विचारलं, माझं कार्ड पोचलं होतं का? मास्तर म्हणाले, पोचलं, ते जायच्या सहा दिवस आधी. मामंजी म्हणाले, आधी त्यांच्या घरी जाऊ.

मुकादमांचं घर खाणीच्या कडेलाच होतं. वर पत्रे, उंबऱ्याला एकच अखंड दगड, इतका गुळगुळीत की पाय घसरावा. आत मुकादमांची बायको बसली होती, मी मनात त्यांना आजीच म्हटलं. दाभणानं एका पोत्याला ठिगळ लावत होत्या. मास्तरांनी ओळख करून दिली तशा त्यांनी आम्हाला बसायला स्टूल सरकवलं आणि हातातलं काम चालूच ठेवलं. मी बसले. मामंजी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, आत यायला त्यांचा पाय उचलेना. तिथूनच बोलले. चौदा वर्षांत मी त्यांच्या तोंडून एवढं लांब बोलणं ऐकलं नव्हतं.

"चूक माझी होती. पानं मी मोजली नाहीत. कळल्यावर नऊ कागद हातात होते, तेव्हाच यायचं होतं. सगळी घेऊन येतो म्हणून थांबलो. ते वाट बघत राहिले आणि मी पोचलो नाही."

मास्तरांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. आजी ऐकत होत्या, टाके घालत होत्या. मग त्या बोलायला लागल्या, मध्येमध्ये थांबून, आणि मास्तर आम्हाला सांगत गेले.

त्यांचा थोरला मुलगा खाणीत होता. एकवीस वर्षांपूर्वी दरड कोसळली आणि तो दगडाखाली गेला. त्याचा बाप मुकादम. तीन दिवस पहारी लावल्या, माणसं लावली, दगड काही हलला नाही. चौथ्या दिवशी आणखी माणसं जातील म्हणून मुकादमांनीच काम थांबवायला सांगितलं. मुलगा तिथेच राहिला. त्यानंतर मुकादम त्या बाजूच्या खाणीत कधी उतरले नाहीत आणि त्याबद्दल घरात एक शब्द बोलले नाहीत. ह्या पुस्तकातला दगड ऐकल्यापासून मात्र रोज बोलायला लागले. ओट्यावरून खाट घरी आणली की विचारायचे, त्यालाही दगडाआडच सोडून दिलं का गं सगळ्यांनी?

मग कार्ड आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं. मुकादमांनी ते पुन्हा वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा. चारच पानं आहेत ना, असं विचारून घेतलं. त्यानंतर दुपारी सुरुंगाची शिट्टी होईपर्यंत डोळे मिटून पडून होते. शिट्टी झाली, सुरुंग उडाला, आणि ते आजींना म्हणाले, दगड हलला बघ.

आजींना वाटलं, खाणीतलाच म्हणतायत. तसं नव्हतं. मुकादम म्हणाले, "दगड जागेवरच असता तर पुढे लिहायला काय उरलं असतं? चार पानं आहेत म्हणजे दगड हलला." त्यानंतरचे सहा दिवस त्यांनी पुस्तक एवढंच आहे का म्हणून कुणाला विचारलं नाही. मास्तर मध्येच आपल्या मनचं म्हणाले, मी तेव्हाही त्यांना हो-नाही काही म्हटलं नाही. माझ्याजवळ छापलेलं नव्हतं.

आजींनी दाभण पोत्यात टोचून ठेवलं. मामंजींकडे बघून त्यांनी काहीतरी विचारलं, थोडक्यात. मास्तर म्हणाले, "त्या विचारतायत, मुकादम बरोबर होते का?"

मास्तरांनी गाठोड्यातून नवी चार पानं काढली होतीच. ते वाचायला लागणार, इतक्यात आजींनी पुढे होऊन त्या पानांवर आपला हात ठेवला. पुन्हा काही बोलल्या. मास्तर जरा ओशाळले. म्हणाले, "म्हणतायत, हे तू मग वाच. लिहिलेलं जाणार कुठे? हा माणूस एवढ्या लांबून आलाय, ह्याला विचार."

मला वाटलं, आता ते म्हणणार, पुस्तक सांगेल. देवाशपथ सांगते, तसं म्हणाले असते तर सासरे असोत की कुणी असोत, मी तिथल्या तिथे त्यांना फैलावर घेतलं असतं. मामंजींनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. मग उंबरा ओलांडून आत आले आणि आजींच्या समोर जमिनीवर बसले.

"बरोबर होते," ते म्हणाले. "दगड हलला. मी हे खरं मानतो. आमची बायको गेली, त्या दिवसापासून तेवढंच धरून मी उठतो-बसतो."

मास्तर ते आजींना सांगत होते तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. रडत होते आणि चिडलेही होते. चौदा वर्षं एका टेबलाशी बसून मी ह्या माणसाला बोलत राहिले, टोमणे मारत राहिले, आणि हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही, हेही तितकंच खरं. मला वाटलं होतं, ते चहा एक कप कमी करून मोकळे झाले.

आजी उठल्या. कोनाड्यातलं मुकादमांचं पुस्तक आणून त्यांनी मामंजींच्या पुढ्यात ठेवलं आणि बोटानं शिवायची खूण केली. मामंजींनी तिथेच सामान मांडलं. पान नुसतं चिकटवलं असतं तरी भागलं असतं, दहा मिनिटांचं काम. पण चिकटवलेलं पान सुटतं म्हणून त्यांनी पुठ्ठा सोडवला, पाठ उघडली. आतून माझी पट्टी निघाली. मास्तरांनी ती बघितली आणि तिच्यावरचे अर्धेमुर्धे शब्द वाचून त्यांना हसू आलं. मला नाही आलं. मामंजींनी चार पानं शेवटच्या फॉर्म्याला जोडून शिवली, कोऱ्या कागदाची पट्टी लावली, पुठ्ठा चढवला. आजी टाके निरखत होत्या. त्या काय म्हणाल्या म्हणून मी विचारलं, तर मास्तर म्हणाले, टाका बरा घालतो म्हणतायत. ओल्या खळीचं पुस्तक उघडायचं नसतं, तरी त्यांनी ते उघडून मास्तरांच्या हातात दिलं, आणि मग चार पानं वाचून झाली. ऐकताना त्या दोन-तीनदा मान हलवत होत्या, माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकावी तशा.

आम्ही तिथे सहा दिवस राहिलो, शाळेच्या खोलीत. लोक पुस्तकं घेऊन यायचे, ओट्यावर बसायचे, आपलं पुस्तक शिवून होईपर्यंत हलायचे नाहीत. मी खळ शिजवायचे, मामंजी शिवायचे. कुणी काही विचारलं तर मास्तर आमच्यापर्यंत पोचवायचे आणि मामंजी उत्तर द्यायचे. दोन-दोन शब्दांचं द्यायचे, पण द्यायचे. काहींना पटलं, काही म्हणाले, मेलेला उठतो हे आम्ही कधी बघितलेलं नाही. मामंजी म्हणाले, मीही नाही. त्यावर तो म्हणणारा माणूसच त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला.

परत आल्यावर पाळकसाहेबांनी शेवटच्या रविवारी मामंजींना पुढे बोलावलं. ते खांबाआडूनच उठले. चार पानं राहिली होती, देऊन आलो, म्हणाले आणि बसले. ह्या वेळी कुणी हसलं नाही. बाहेर पाळकसाहेबांनी मला गाठून विचारलं की त्या आजी प्रभूकडे आल्या का. मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही, आणि विचारायला मी पुन्हा पाच तासांची बस धरणार नाही. पाळकसाहेबांना ते आवडलं नसावं.

वर्षभरानं मास्तरांचं कार्ड आलं. वाचन अजून चालू आहे, सातव्यांदा पुरं झालं. फक्त एक बदल झालाय. कबरेच्या तोंडाशी दगड लावला, इथपर्यंत वाचून झालं की आजी हात वर करून मला थांबवतात. मग मुकादमांचं वाक्य त्या स्वतः सगळ्यांना म्हणून दाखवतात, की चार पानं आहेत म्हणजे दगड हलला, आणि मगच पुढचं पान उलटू देतात.

मामंजींनी कार्ड खिडकीशी नेऊन दोनदा वाचलं. मग माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, चहा टाक. मी टाकला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, तुझी सासू कशी होती, आठवते का तुला?